आडमाप उंचीची पोर

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या सायकलच्या दुकानात एका पोरीला मी जे बोलले, ते शब्द माझे नव्हते. लहानपणी ते कुणीतरी मला फेकून मारले होते. मी ते इतकी वर्षं सांभाळले आणि नेमके तिच्यावर फेकले.

आधी माझं सांगते.

नेसरीजवळचं आमचं गाव. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आबा, म्हणजे माझे वडील, गडहिंग्लजला लाकडाच्या वखारीत कामाला होते. जायचे यायचे सायकलवर. दांडीची काळी, जड सायकल. त्यांच्या सुट्टीदिवशी ती माझी. आधी दांडीखालून पाय घालून, वाकडी होऊन चालवायचे. सातवीत माझी उंची भसाभस वाढली आणि एक दिवस मी दांडीवरनं टांग टाकून सीटवर बसले. दोन्ही पाय पायडलला पोचले. पाठ सरळ. तेवढं बरं मला परत कधी वाटलं नाही.

पारापाशी वरच्या आळीतल्या आण्णांनी अडवलं. त्यांच्या उसात माझी आई तण काढायला, भांगलायला जायची.

"उतर."

उतरले.

"टांग टाकून बसायला शोभतंय का? तुमच्यातल्या बायकांना लाज न्हाई ती न्हाई, आमच्या पोरी बघत्यात की!"

पारावरची माणसं हसली. आण्णांनी वाकून पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह काढला. सगळी हवा जाईपर्यंत मला तिथंच उभं केलं. व्हॉल्व्ह खिशात टाकला. मी सायकल ढकलत घरी नेली. संध्याकाळी आबा आण्णांच्या अंगणाबाहेर हात जोडून उभे राहिले आणि व्हॉल्व्ह मागून आणला. बसवला, हवा भरली. मला एक शब्द बोलले नाहीत. मारलं असतं तरी चाललं असतं. त्यानंतर मी त्या सायकलला हात लावला नाही. त्यांनीही कधी "घे" म्हटलं नाही.

लग्न होऊन कोल्हापुरात आले. पोरं मोठी झाल्यावर या दुकानात लागले. गिऱ्हाईक म्हणून बायका वाढलेल्या, मालकांना त्यांच्याशी बोलायला बाई हवी होती.

दुकानाची एक रीत होती. पुरुष आला की त्याला दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं करायचं. दांडीच्या वर दोन बोटं जागा राहिली की फ्रेम बसली. मग सीट किती वर, हँडलला हात कसा पोचतो, सगळं बघायचं. बाई आली की यातलं काहीच नाही. चारचौघांत बाईला असं उभं कसं करायचं? म्हणून तिच्याकडं नुसतं वरून खाली बघायचं आणि नळी खाली उतरलेली लेडीज सायकल पुढं करायची. मालकांचं एकच. "बाई दिसली की लेडीज. इचारत बसायचं न्हाई."

लेडीज सायकल वाईट असं मी म्हणत नाही. माझी नणंद साडी नेसून तिच्यावरनं कामाला जाते, तिला ती झकास बसते. पण सगळ्या बायका काय माझी नणंद नाहीत. कुणाची पाठ धरायची, कुणाच्या हाताला मुंग्या यायच्या. त्या परत यायच्या तेव्हा मी सीट थोडी वर करून द्यायचे आणि म्हणायचे, "सवय होईल." मला कळत होतं. रोज कळत होतं. पगार चालू होता.

मग ती आली. चंदगडची. पोलीस भरतीसाठी इथं खोली करून राहिलेली. रोज पहाटे ग्राउंडला आणि दुपारी क्लासला जायला तिला सायकल हवी होती. माझ्यापेक्षाही उंच. लेडीजवर बसून दुकानासमोर एक चक्कर मारून आली.

"मावशी, गुडघं हँडलला लागत्यात. ती दांडीची बघू काय?"

आणि तिनं टांग टाकलीसुद्धा. उभी राहिली. दोन बोटं जागा. मला लांबनं दिसलं. तिचीच सायकल होती ती.

काउंटरवर मालकांचा एक दोस्त चहा पीत बसला होता. "मालक, भरती व्हायच्या आधीच मिशा फुटल्या की हिला!" दोघं हसले. मालकांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मला माहीत होती. हिला खाली उतरव, अशी.

मी म्हणाले, "उतर गं. टांग टाकून बसायला शोभतंय का?"

तीच चाल. तोच ठसका. आण्णा माझ्या तोंडातनं बोलले.

पोरगी उतरली. लेडीज सायकल घेऊन गेली.

दोनदा आली ती. सीट वर करून घ्यायला. दुसऱ्या वेळी सीट शेवटच्या खुणेपर्यंत आली, त्याच्या पुढं जातच नव्हती. गुडघे फाकवून चालवायची. तिसऱ्यांदा आली ती सायकल विकायला.

"भरतीच्या ग्राउंडला नापास झाले, मावशी. गुडघा धरतोय. गावाकडं चालले. काजूच्या फॅक्टरीत बोलावलंय."

सायकलमुळंच झालं असं मी ठामपणे सांगू शकत नाही. गुडघा पळूनही जातो. पण मी सीटची खूण बघत राहिले, आणि तीच माझी समजूत काढायला लागली.

"तुमी तरी काय करणार ओ. माझीच उंची आडमाप."

माझीच उंची आडमाप. ते ऐकूनही मी सायकल आत लावून घेतली.

पुढं एका रविवारी गाडीतनं एक मॅडम आल्या. चांगल्या घरच्या, रविवारी पन्हाळ्याला सायकलनं जाणाऱ्या. अंगात घट्ट अर्धी चड्डी, सोबत नवरा. मालक स्वतः काउंटर सोडून पुढं आले. "मॅडम, जरा दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभ्या राहता का?" टेप आणला. गुडघ्यावर बसून पायाचं माप घेतलं. मॅडम मोबाईल बघत उभ्या होत्या. दुकानातलं कुणी हसलं नाही. शोभतंय का, असं कुणी विचारलं नाही.

म्हणजे लाज फक्त आमची. तीही दुसऱ्यानं ठरवलेली.

मी म्हणाले, "मालक, त्या चंदगडच्या पोरीला का न्हाई असं उभं केलं?"

"कुठली पोरगी?"

त्यांना आठवतही नव्हती.

"आणि हितं गिऱ्हाईक असताना काय काढलंयस? तुमच्यातल्यांना कुठं बी उभं करा, कुठं काय बोलावं ते कळत न्हाई."

तुमच्यातल्यांना. इतकी वर्षं चहा एकत्र प्यायलो होतो.

मी शेजारची दांडीची सायकल ओढली. पंजाबी ड्रेसमध्ये होते. या वयात, भर दुकानात, टांग टाकली आणि उभी राहिले.

"मापा मला."

"उतर."

"न्हाई उतरत."

मॅडमनी मान वर केली, परत मोबाईलमध्ये घातली. मालक नुसते बघत राहिले. मला कुणी मापलं नाही. मला पाहिजे तेवढा वेळ मी उभी राहिले, मग माझी मी उतरले, डबा उचलला आणि बाहेर पडले.

आतनं काहीतरी मोकळं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. मी उतरले नाही ते माझ्यासाठी. तिच्या वेळी मी मालकांच्या बाजूला उभी होते.

आता एका क्लासच्या मेसमध्ये चपात्या लाटते. जाता-येता ते दुकान लागतं. माझ्या जागी नवीन पोरगी आहे. बाई आली की ती लेडीज सायकल पुढं करते. एकदा थांबून मी तिला म्हणाले, "आधी उभं करून तर बघ."

"मालक रागावत्यात ओ, काकू."

तिच्या जागी मीही हेच म्हणाले असते. काही बदललेलं नाही, बदलेल असंही दिसत नाही.

मेसच्या सुट्टीदिवशी चंदगडची एसटी पकडता येईल. सायकल विकताना तिनं पावतीवर गाव लिहिलं होतं, ते मला माहीत आहे. अजून गेलेले नाही. घाबरते. पण जाणार आहे. माफी मागायला नव्हे. माफी मागितली की तिला ती मला द्यावी लागेल, आणि तिनं आधीच खूप दिलंय.

तुझी उंची आडमाप नव्हती. सायकल लहान होती, आणि ते मला दिसत होतं.

एवढं तिच्यासमोर उभं राहून सांगायचं. तेवढं मी तिचं देणं लागते. अजून दिलेलं नाही.