अण्णांची धून

लाल कोट घातलेले सात बँडवाले सकाळी आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा घरात कुणाचंही लग्न नव्हतं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी याच बँडमध्ये आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवलं. त्यांच्या सुरांवर लोक नाचले, जेवले. थांबून ऐकलं मात्र क्वचितच कुणी.

"वहिनी, अण्णांसाठी एक धून बांधलीय," त्यांचे जोडीदार रहीमचाचा आईला म्हणाले. "पहिल्यांदा तुम्ही ऐका."

क्लॅरिनेटचा सूर हळूच खाली उतरला आणि एकदम वर झेपावला. ती अण्णांचीच लकब! गल्लीतली दारं उघडली. दूधवाला सायकलवरून उतरला, इस्त्रीवाल्यानं हात थांबवला. नाचलं कुणीच नाही. सगळे उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, पुतळा एका चौकात उभा राहतो, पण ही धून आता गावोगाव वरातींपुढे चालेल.

धून संपली. आईनं डोळे पुसले आणि पायांत चपला सरकवल्या.

"चला, बाजारपेठेतून वाजवत जाऊ," ती म्हणाली आणि ताठ मानेनं बँडच्या पुढे चालू लागली.