पौष सरेपर्यंत

ड्रिलबाईंच्या गळ्यात दोनच दोरे असायचे. एका दोऱ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, दुसऱ्यात पत्र्याची शिट्टी. उदगीरच्या लिंगायत दुकानदाराच्या घरातल्या त्या, आणि आमच्या कॉलेजात खेळाच्या शिक्षिका. त्यामुळे या दोन्ही दोऱ्यांचं कुणाला नवल नव्हतं. नवल होतं ते तिसरा नव्हता याचं. शेजारणी आडून आडून विचारायच्या. बाई बशीतला चहा संपवून म्हणायच्या, "एक देवासाठी, एक पोटासाठी. तिसरा मानेला पेलत न्हाई." एवढं बोलून बशी पालथी घालायच्या. पुढं विचारायची कुणाची टाप नव्हती.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी जिल्हा. आमच्या गल्लीतला न्हावीसुद्धा आता 'जिल्ह्याच्या पद्धतीनं' केस कापायला लागला होता. कॉलेजलाही वाटलं, आपण काहीतरी करावं. ड्रिलबाईंनी सुचवलं, मुलींची सायकल सहल. लातूरहून निलंगा, देवणी, उदगीर, देगलूर, नांदेड, थेट इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा आणि परत. अकरा मुली, एकवीस दिवस, तेही ऐन दुष्काळात. प्राचार्य मोकळेपणी हसले. बाई हसत नाहीत हे त्यांना जरा उशिरा दिसलं.

मला घरून परवानगी कशी मिळाली ते सांगायला हवं. माझी सुपारी फुटली होती. मुलगा मुखेडकडचा, घर शेतीवाडीचं, माघातल्या पहिल्याच मुहूर्तावर लग्न. मला बी.ए. पुरं करायचं होतं, एकच वर्ष उरलं होतं. मी दोन दिवस जेवले नाही. अण्णांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, काही परिणाम झाला नाही, ते माझ्या वाटची भाकरीसुद्धा खाऊन मोकळे झाले. शेवटी आईनं तोड काढली. पौषात तसंही लग्न निघत नाही, महिनाभर पोरगी घरात रडत बसण्यापेक्षा फिरून येऊ दे. अण्णा म्हणाले, "जा. पण आल्यावर तोंडातून न्हाई हा शब्द निघायचा न्हाई." मी शब्द दिला. एकवीस दिवस मला तेव्हा लई वाटले होते.

सहलीत बाईंनी आम्हाला नंबर दिले. मी सात नंबर. एका रांगेत चालायचं, शिट्टी एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. बाई स्वतः कायम शेवटी. त्यांची सायकल मधल्या दांड्याची, पुरुषी. नऊवारीचा काष्टा घालून त्या टांग टाकायच्या तेव्हा गावोगावची माणसं पारावरून उठून उभी राहायची. "बाई, तुम्ही पुढारी, तुम्ही पुढं चला की," मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "म्होरं गेलं की रस्ता दिसतो. मागं ऱ्हायलं की पोरी दिसतात. मला रस्ता काय करायचाय?"

"भाकरी मागा, पाणी मागू नका." हा त्यांचा दुसरा नियम. त्या साली गावात भाकरी एकवेळ मिळायची, पण पाण्यासाठी बायका टँकरच्या वाटेवर दिवस दिवस बसलेल्या असायच्या. देवणीच्या अलीकडं एका बाईनं न मागताच तांब्या पुढं केला. बाईंनी अकरा जणींना एकेक घोट घ्यायला लावला, स्वतः घेतला नाही आणि उरलेला तांब्या त्या माउलीच्या हातात परत दिला. पंक्चर काढायलासुद्धा पाणी वापरायच्या नाहीत त्या. हवा भरलेली ट्यूब गालाला लावून हळूहळू फिरवायच्या, डोळे मिटून. मग एकदम थांबायच्या. "हितं हाय. फुंकर मारायलीय बघ." भोक कधी चुकलं नाही.

सहस्रकुंडाला पोचलो तर धबधबा नव्हताच. काळे कभिन्न खडक नुसते उन्हात तापत पडलेले. आमची तोंडं उतरली. एक जण तर रडायलाच लागली, एवढे पाय तोडून काय बघायला आलो म्हणून. बाईंनी आम्हाला त्या खडकांत खाली उतरवलं, एकेका दगडावरून हात फिरवायला लावला. "पाणी आसतं तर हे दिसले आसते का तुमाला? बघून घ्या." मी बघून घेतलं. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. इथून सायकलींची तोंडं घराकडं वळणार होती.

परतीच्या वाटेवर बाकीच्या पोरी गाणी म्हणत होत्या, कुणाला आईच्या हातचं जेवण आठवत होतं, कुणाला न्हाणं. मी तिथी मोजत होते. नांदेडला नवमी. लोह्याला दशमी. अहमदपुरात एकादशी, म्हणजे पौषाचे चारच दिवस उरले. सकाळी उठून हँडल धरलं की वाटायचं, आणखी एक चढ यावा, आणखी एक वळण यावं, लातूर सरकत सरकत पार कर्नाटकात निघून जावं. वेड्यासारखं मी प्रत्येक झाड बघत होते, उद्या हे दिसायचं नाही म्हणून. निष्पर्ण लिंबाचं झाड, त्यात बघायचं काय असतं? पण मी बघत होते.

अहमदपूर सोडल्यावर सगळ्या विसाव्याला थांबल्या तेव्हा मी बाभळीखालचा एक लांब काटा उचलला आणि आपल्याच सायकलच्या टायरात घातला. बाईंनी रस्त्याच्या कडेला बसून पंक्चर काढलं. तास गेला. एक तास. मला तो इतका गोड लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी, चाकूरच्या शाळेच्या व्हरांड्यात मुक्कामाच्या वळकट्या बांधत असताना, मी पुन्हा तेच केलं. चाकूर म्हणजे शेवटचा मुक्काम. तिथून सुटलं की दुपारपर्यंत लातूर.

बाईंनी टायर हातात घेतला. या वेळी ट्यूब गालाला लावलीच नाही. काटा दोन बोटांत धरून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "सात नंबर, रस्त्यातला काटा खालनं शिरतो. ह्यो कडेनं शिरलाय. कालचाबी कडेनंच होता."

मी खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. सगळं सांगितलं. सुपारी, माघ, अण्णांना दिलेला शब्द, राहिलेलं एक वर्ष. "मला घरी नेऊ नका बाई," असं मी पुन्हा पुन्हा म्हणत होते, जसं काही ते त्यांच्या हातात होतं. बाकीच्या दहा जणी वळकट्या धरून उभ्या होत्या.

"ट्यूब फोडून किती दिस मिळत्याल तुला?" बाईंनी विचारलं.

"एक," मी म्हटलं.

"मग ट्यूब कशाला फोडतीस? एक दिस मला माग की."

त्यांनी प्राचार्यांच्या नावानं चिठ्ठी लिहिली, मुक्काम एक दिवस वाढला आहे, आणि ती लातूरच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं दिली. मग आम्हाला गावाबाहेरच्या पाझर तलावावर घेऊन गेल्या. तलाव म्हणायचा आपला, त्यात थेंब नव्हता. मैलभर पसरलेला टणक तळ, भेगाळलेला. बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून पिशवीत टाकली. "आज नंबर न्हाई, रांग न्हाई. जावा कुठं जायचं तिकडं."

आधी कुणाला कळेचना. वीस दिवस आम्ही रस्त्याच्या कडेनं चाललो होतो, इथं कडच नव्हती. मग बाईंनीच टांग टाकली आणि सरळ तलावाच्या मधोमध निघाल्या. त्यांना पुढं जाताना मी पहिल्यांदा बघत होते. आम्ही ओरडत मागं सुटलो. गोल फिरलो, तिरप्या फिरलो, एकमेकींच्या अंगावर गेलो, पडलो. मी दोन्ही हात सोडून चालवली. दुपारी तळाशी बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला, पुन्हा फिरलो. इतकी सुखात मी त्याआधी नव्हते आणि त्यानंतरही नाही, हे मी आता या वयात कुणाला न भिता सांगते. आणि त्या सुखात माझा जीव सारखा तडफडत होता, कारण ऊन कलायला लागलं होतं. पिशवीतला खाऊ बोटानं चाटून खावा तसा आम्ही तो दिवस संपवला. अंधारून आलं तरी बाईंनी चला म्हटलं नाही. शेवटी मीच म्हणाले, "बाई, जाऊ."

लातूरच्या वेशीवर अण्णा उभे होते. बाई सायकलवरून उतरल्या आणि सरळ त्यांच्याकडं गेल्या. "पोरीला एक वर्ष द्या," म्हणाल्या, "परीक्षा होऊ द्या तिची." अण्णा नम्रपणे नाही म्हणाले. तेव्हा बाई वाकल्या आणि भर रस्त्यात त्यांनी माझ्या वडिलांचे पाय धरले. अण्णांपेक्षा चार वर्षांनी मोठ्याच होत्या त्या.

अण्णा दचकून मागं सरले. "अवो बाई, हे काय करायलात? दुष्काळ हाय म्हणून पाहुणे शंभर माणसांत उरकून घ्यायलेत. म्होरल्या साली पाचशेचं जेवण मागतील, कुठनं आणू? तुमचं बरं हाय. तुमच्या मागं-म्होरं कुणी न्हाई."

बाई उठल्या. साडीची धूळ झटकली आणि माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पण शब्द दिला होता ना, मी शब्दाची मोठी पक्की. मी सायकल अण्णांच्या हातात दिली.

माघात माझं लग्न झालं. माणूस वाईट नव्हता, घरही वाईट नव्हतं. सायकल माहेरी धाकट्या भावाला गेली. दर पौषात बाईंचं पोस्टकार्ड यायचं, त्यात एकच ओळ. सायकल चालवतेस ना? पहिल्या वर्षी मी खरं लिहायला बसले. वेशीवरचं ते वाकणं डोळ्यांपुढं आलं. मी लिहिलं, रोज चालवते. मग दर वर्षी तेच लिहीत गेले. खरं तर मी घरात कधी विचारलंसुद्धा नव्हतं. सासूबाईंच्या नजरेला सगळं गाव भ्यायचं, त्या काय म्हणतील ते मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

बाई निवृत्त झाल्या त्या साली एस.टी.नं आमच्या गावी आल्या, न कळवता. पुढच्या दिवाळीआधी त्या गेल्या, त्यामुळे हीच शेवटची भेट. केस पांढरे झाले होते, गळ्यात एकच दोरा उरला होता. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, मी चुलीपुढं. "रोज चालवणारीची सायकल बघाय आले," बाई म्हणाल्या.

"दुरुस्तीला टाकलीय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. चहा घेतला, उठल्या, भिंतीला टेकवलेली माझ्या दिरांची सायकल अंगणातून बाहेर वाटेवर नेली आणि हँडल धरून उभ्या राहिल्या. "ये. येशीपर्यंत जाऊन ये नुसती. मी धरते."

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या. "आज नको बाई," मी म्हटलं, "हात पिठाचे आहेत."

"बरं. मी हाय हितं उभी."

मी तव्यावर भाकरी टाकली. ती करपली. दुसरी टाकली. दारातून बाई दिसत होत्या, डोक्यावर ऊन, दोन्ही हातांत हँडल. मी हात धुतले आणि पुन्हा पिठात घातले. बऱ्याच वेळानं फाट्यावर एस.टी.चा भोंगा वाजला. बाईंनी सायकल आणून भिंतीला होती तशी लावली, सासूबाईंना नमस्कार केला, मला "येते गं" म्हणाल्या आणि गेल्या.

सासूबाई बराच वेळ त्या वाटेकडं बघत बसल्या. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "जायचं होतंस की. म्या कुठं न्हाई म्हणले?"

तोवर एस.टी. सुटली होती.