शिळ्या प्रश्नांची उत्तरं

मुलीच्या शाळेच्या ॲपवर पालकांचे चर्चागट लावायचं काम माझ्याकडे आहे. बसचा गट वेगळा, डब्याचा वेगळा, सहलीचा वेगळा. विषय संपला की शनिवारी मी गट बंद करते. पसारा मला खपत नाही.

या गटांत एक बाबा आहेत, पाचूबंदरचे, मासेमारीच्या बोटीवर जाणारे. मी त्यांना कधीच पाहिलेलं नाही. फोटोच्या जागी हार घातलेली बोट आहे. बोट किनाऱ्याजवळ आली की त्यांना रेंज मिळते. मग ते साचलेल्या सगळ्या प्रश्नांना सावकाश, बोलून उत्तरं पाठवतात. मागे इंजिनाची धडधड, वारा. आधी विचारतात, "बोलू का?" आणि खरंच थांबतात, जणू पलीकडून कोणी हो म्हणणार आहे. सहल होऊन गेल्यावर त्यांचा निरोप आला, "पोरांना टोप्या द्या, ऊन हाय."

मी वैतागून लिहिलं, "हा विषय कधीच संपलाय."

"तुमचा संपला असंल, ताई. माज्याकडं आत्ता आलाय."

मग एकदा मी विषय ठेवला, 'तुमच्या खिडकीतून काय दिसतं?' बहुतेकांनी लिहिलं, समोरची बिल्डिंग. मीही तेच लिहिलं. शनिवारी गट बंद करणार, तेवढ्यात त्यांचा आवाज आला.

"बोलू का?" इंजिन धडधडत राहिलं. "आमाला खिडकी नाय. पन अंधार पडला का पान्यावरून तुमच्या खिडक्या दिसतात. सगल्या पेटलेल्या."

तो गट उघडाच आहे. आता त्यांनी "बोलू का?" विचारलं की ओट्याशी उभी राहून मी म्हणते, "बोला."