चटका न लागणारा हात

मोरेश्वर हसला, आणि लगेच दोन्ही हातांनी मान मागून धरून माझ्या टेबलावर वाकला. मी फक्त एवढंच म्हणाले होते की एमआरआयचं मशीन हळदीच्या बँडसारखं वाजतं, पण आत नाचायची सोय नाही. मी न्यूरोसर्जन आहे, आणि हा विनोद नवी मुंबईतल्या माझ्या ओपीडीत बरीच वर्षं चालतो. काही लोक हसतात, काही तोंड फिरवतात. कळवळलं कोणी नव्हतं.

"मॅडम, हसवू नका," तो वाकूनच म्हणाला. "हसला का मागं घन मारल्यासारखा होतो."

"आणि खोकल्यावर?"

"तसाच. शिंक तर मी दाबूनच टाकतो."

मोरेश्वर उलव्याजवळच्या गावातला. न्हावा शेव्याला बंदरात क्रेन ऑपरेटर. त्यांची केबिन उंचावर टांगलेली असते आणि तिला काचेची जमीन असते. पूर्ण शिफ्ट मान खाली घालून, दोन गुडघ्यांच्या मधून जहाजाकडे बघत कंटेनर उचलायचे. मान दुखते म्हटल्यावर सगळ्यांनी क्रेनलाच दोष दिला होता. मलम, पट्टा, शेक, सगळं करून झालं होतं.

त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे जुने डाग दिसले. विचारलं, तर बायको वनिता कौतुकानं सांगू लागली.

"यांना चटका लागत नाय, मॅडम. तव्यावरची भाकरी हातानं उलटतान. हलदीला पावन्यांना दाखवायला मुद्दाम चुलीजवल बसवतान सगले."

अख्ख्या गावानं एका लक्षणाला टाळ्या वाजवल्या होत्या. मी त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि हाताला दोन नळ्या लावल्या, एक गरम पाण्याची, एक बर्फाच्या पाण्याची. "दोन्ही सारख्याच," तो म्हणाला. वनिताचं हसू तिथंच थांबलं.

एमआरआयमध्ये सापडलं ते किआरी मालफॉर्मेशन. लहान मेंदूची टोकं कवटीच्या खालच्या भोकातून मानेत उतरलेली असतात, बाटलीच्या तोंडात बूच बसावं तशी. मेंदूभोवतीचं पाणी तिथं अडतं. हसल्या-खोकल्यावर दाब वाढतो आणि घन बसतो. मोरेश्वरच्या बाबतीत आणखी एक झालं होतं. मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी तयार झाली होती. तिला सिरिंक्स म्हणतात. गरम-थंड सांगणाऱ्या मज्जातंतूंच्या तारा तिथंच मधोमध एका बाजूच्या दुसऱ्या बाजूला जातात, म्हणून आधी त्या निकामी होतात. स्पर्श कळतो, चटका कळत नाही. पुढे पकडही जाऊ शकते. आणि त्याची भाकरी क्रेनच्या जॉयस्टिकवरच्या पकडीवर होती.

"क्रेननं झाला का?" मोरेश्वरनं विचारलं.

"नाही. जन्मापासूनची ठेवण आहे. मान वाकवून तिचा त्रास लवकर सुरू झाला असेल."

आमच्या डिपार्टमेंटच्या सरांना फिल्म दाखवली.

"पकड शाबूत आहे," सर म्हणाले. "त्याची क्रेन बंद ठेव, थांब, काही महिन्यांनी परत एमआरआय कर. हात लावून बिघडलं तर?"

"न लावता बिघडलं तर, सर?"

"तर आजाराचं नाव येईल. लावून बिघडलं तर तुझं."

सर क्रूर नाहीत. त्यांनी माझ्याहून जास्त मेंदू पाहिलेत.

दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. मानेच्या मागून हाड काढायचं, आतलं आवरण उघडून ठिगळ लावून सैल करायचं. पाणी गळू शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो. श्वास चालवणारा भाग तिथं अगदी शेजारी. धोका कमी, पण आहे. नाही केलं, तर काही जण वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि काहींचा हात जातो.

"आनि केला तर हात परत येल?" मोरेश्वरनं विचारलं.

"दुखणं बहुतेक थांबेल. पोकळी बहुतेक आटेल. गेलेलं परत येईल असं धरून चालू नका."

"बहुतेक, बहुतेक," वनिता म्हणाली. "मॅडम, तुमी आधी हवामान खात्यात होत्या का?"

मोरेश्वरनं हसू दाबलं. त्याला परवडणारं नव्हतं.

"वारा वाढला का आमच्याकडं भोंगा वाजतो," तो म्हणाला. "तवा कंटेनरचा बॉक्स लटकवून ठेवायचा नाय. जहाजावर ठेव, नाय तर ट्रेलरवर. लटकलेला बॉक्स कोनाचा आयकत नाय. माझा भोंगा वाजलाय. करून टाका."

"बॉक्स पडला तर दुसरा येल," वनिता म्हणाली. "नवरा कुठून आनू?"

मोरेश्वरनं तिचं ऐकलं. थांबायचं ठरलं. हात जड वाटला तर त्याच दिवशी या, असं मी बजावलं.

ते दोघं परत आले तेव्हा पावसाळा सरत आला होता. मोरेश्वरच्या शर्टाची बटणं वनितानं लावली होती. तिनं ती माझ्यासमोर सोडली आणि त्याला म्हणाली, "लाव." त्यानं पुष्कळ खटपट केली. एकही लागलं नाही.

"करा," ती मला म्हणाली.

ऑपरेशन ठीक झालं. चार दिवसांनी जखमेतून पाणी झिरपू लागलं. परत टाके, परत आडवं झोपणं, लांबलेला मुक्काम. सर रोज राउंडला येऊन ड्रेसिंग बघत आणि पुढे जात.

पोकळी आटली. डोक्यातला घन गेला. पकड आणखी गेली नाही, पण गेलेली आली नाही. बंदराच्या डॉक्टरांनी त्याला क्रेनसाठी अनफिट ठरवलं. आता तो यार्डच्या ऑफिसात बसून स्क्रीनवर दुसऱ्यांच्या क्रेन बघतो. लगेच केलं असतं तर बटणं वाचली असती का, हे मला सांगता येत नाही. तेव्हाच पाणी गळून काही भलतं झालं असतं का, हेही नाही.

परवा तो फॉलोअपला आला. मी तोच हळदीच्या बँडचा विनोद सांगितला. तो मान मागे टाकून मोकळा हसला, आणि काही झालं नाही याचं नवल वाटून पुन्हा हसला. तेवढ्यात चहा आला. त्यानं स्टीलचा वाफाळता ग्लास सरळ मुठीत धरला. वनितानं तो काढून घेतला, रुमालात गुंडाळला आणि परत त्याच्या हातात दिला.

विनोद मी अजून सांगते. पेशंट हसला की आधी त्याची मान बघते, मग हात. हसू शेवटी.