भांबुर्ड्याचा खून

माझ्या नवऱ्याने नव्या घराच्या परसात एक सत्कृत्य केलं आणि तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलते. ऐका, आणि मग सांगा मी चुकते का.

खालापूरला आम्ही घर घेतलं ते बंगल्यांच्या कॉलनीत. तिथे पूर्वी भातखाचरं होती. माझं माहेर कशेळ्याकडचं. वास्तुशांतीला धाकटा भाऊ आला, घरभर हिंडला आणि जिन्यात उभा राहून म्हणाला, "ताय, घर झ्याक हाय गं. पन हितं पोपटी नाय व्हायची. हितं आपले केक कापा!"

सगळे हसले. मी पण हसले, पण आतून पेटले.

पोपटी म्हणजे आमच्याकडची थंडीतली चैन. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी मडक्यात भरायची, मडकं उपडं घालायचं आणि वर पेंढा-काटक्या पेटवायच्या. माहेरची माणसं ज्या परसात पोपटीला बसतात तेच लेकीचं खरं घर. बाकी सगळं नुसतं बांधकाम.

मग मी हट्टाला पेटले. नवऱ्याला लॉन हवं होतं. तो घाटावरचा, त्याला वालाचं कौतुक बिरड्यापुरतं. मी परसातली बिल्डरची खडी, विटा, सिमेंटचे गोळे उपसून वाल लावले. शेंगा धरल्या. आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे कुंपणाच्या कडेने भांबुर्डा आला. न लावता! शेताची जुनी खोड, दुसरं काय. मडक्याच्या तळाला आणि तोंडाला या भांबुर्ड्याचाच उग्र वासाचा पाला लागतो. तो नसेल तर होतात त्या उकडलेल्या शेंगा. मी त्याची एक काडी कोणाला तोडू दिली नाही.

भावांना रविवारचं आवतण दिलं. सकाळी ओवा आणि अंडी आणायला खोपोलीला गेले. परत आले तर फाटकातच पोपटीचा वास. मी खूश! म्हटलं, आले वाटतं लवकर, लावली सुद्धा!

मागे गेले तर भाऊ नाहीत, मडकं नाही. कुंपणाजवळ राखेचा ढीग, आणि त्याच्याशेजारी हातात कोयता घेऊन नवरा, नाटकातल्या विजयी राजासारखा.

"पाहुणे येणार ना? म्हटलं, सगळं रान साफ करून टाकू."

मी अंड्यांची पिशवी खाली ठेवली. ती फेकली नाही, याचं श्रेय मला अजून कोणी दिलेलं नाही.

"अहो, ते रान नव्हतं. तो भांबुर्डा होता!"

"मग सांगायचं ना! मला वाटलं, गवत."

"गवताला मी रोज हात लावून बघत होते?"

तो तसाच चपला घालून पाला शोधायला निघाला आणि हायवेच्या बाजूने काहीतरी कवेत भरून घेऊन आला. तोवर भावांचा टेंपो दारात. धाकट्याने एक पान चुरगाळलं, नाकाला लावलं.

"दाजी, ही घाणेरी हाय. शेळी पन तोंड लावत नाय."

मग परसाकडे बघितलं, राखेकडे बघितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चल ताय, शेतावर लावू. शेंगा घे तुज्या."

त्याने टोमणा मारला नाही, हेच जास्त झोंबलं. माझ्या परसातल्या शेंगा टेंपोत चढल्या, मी पुढे बसले, आणि नवरा मागे, मांडीवर रिकामं मडकं घेऊन. पोपटी झाली कशेळ्याच्या बांधावर. छान झाली. मी एक घास कौतुकाने खाल्ला नाही.

निघताना नवऱ्याने भांबुर्ड्याचं एक रोप मुळासकट उपटलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणलं. ते आता परसात कुंडीत आहे. भाऊ फोनवर पोट धरून हसला, "ताय, भांबुर्डा कुंडीत कोन लावतं गं?"

नवरा रोज सकाळी त्याला पाणी घालतो आणि चोरून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघतो. मी भांडी जरा जोरात आपटते. येत्या थंडीत भाऊ माझ्या परसात बसेपर्यंत ती अशीच वाजणार आहेत.