नळ्याला उजवा कौल

गुपचूप घरी येणं ज्यांना आयुष्यात कधी जमलं नाही आणि यापुढेही जमायची आशा नाही, असे गृहस्थ अख्ख्या सिंधुदुर्गात एकच आहेत, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा आहेत. त्यांची जीप अजून खाडीपुलापलीकडे असते तेव्हाच गावातले कावळे आंब्यावरून उठतात. शाळेत गुरुजी बोलता बोलता थांबतात, जीप जाऊ देतात आणि मग पुढचं वाक्य घेतात. गावात नव्याने आलेला माणूस हातातलं काम टाकून रस्त्यावर येतो, कारण समुद्रातली होडी चुकून डांबरी रस्त्याने आली की काय असं त्याला वाटतं. त्याचं काही फार चुकत नाही. जीपचं इंजिन जीपचंच असलं तरी धूर सोडायचा नळा मच्छीमारीच्या होडीचा आहे. मोडीत निघालेल्या एका होडीवरून मामांनी तो मालवणच्या बंदरावर मिळवला आणि ड्रायव्हरच्या पाठीमागून सरळ टपाच्या वर काढला. मूळचा सायलेन्सर त्यांच्याकडे अजून आहे. त्यात त्यांनी अळू लावलंय.

जीप पूर्वी सरकारी होती. कुठल्याशा खात्याने ती लिलावात काढली आणि मामांनी घेतली. जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या गाडीशी मालवणीत बोलणं बरं दिसत नाही, म्हणून तिच्याशी ते कचेरीतलं शुद्ध मराठी बोलतात. घाटात ती धापा टाकायला लागली की म्हणतात, "आपण कृपया थोडा जोर लावावा. वर पोचल्यावर विश्रांतीची सोय केलेली आहे." मी त्यांच्या सख्ख्या भाचीचा नवरा, पण मला एवढ्या आर्जवाने ते कधी बोललेले नाहीत. त्याच घाटात मला सांगितलं ते असं: "जावयबापू, उतरा. धक्को मारा."

दुसरी गोष्ट म्हणजे मामांचं आणि देवाचं बोलणं चोवीस तास चालू असतं. आमच्याकडे मोठ्या कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि जमलेली मंडळी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. मामा मिक्सर अडकला तरी गाऱ्हाणं घालतात. "बा देवा म्हाराजा, चटणी अर्ध्यार इलेली आसा, पावणे दारात आसत," असं ते सुरू करतात आणि खोबऱ्याने माखलेल्या हातांनी का होईना, आपल्याला "व्हय म्हाराजा" म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तर मिक्सरला हात लावत नाहीत. आणि कौल. देवाच्या अंगावर फुलं चिकटवून मनातली गोष्ट विचारायची, उजवीकडचं फूल आधी पडलं की होकार, म्हणजे उजवा कौल. मामांना त्यासाठी देऊळही लागत नाही. झाडावरून आंबा उजवीकडे पडला तरी ते तो कौल समजतात आणि कामाला लागतात. एवढ्या कौलांवर चाललेला संसार अजून उभा आहे याचं श्रेय मी मामींना देतो.

या मामींमुळेच तो नळा आला. त्यांना हळूहळू ऐकू येईनासं झालं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोनची घंटी, मग मामांची हाक. घरात दोघंच, मुलगा मुंबईला. एकदा दुपारी मामा मागच्या दाराने आत आले. मामी चुलीपाशी बांगडे तळत होत्या. वळून बघतात तो अगदी खांद्याशी माणूस. त्या किंचाळल्या, तवा सुटला आणि गरम तेल पायावर आलं. पाय पुढे बरा झाला, पण मामा मनातून खचले ते खचलेच. मला म्हणाले, "भाजला त्याचा काय ना. माका बगून ती भियाली, जावयबापू. इतक्या वर्सांत कधी भियाली नव्हती. तां माका सोसणा नाय." त्यानंतरच ते बंदरावर गेले आणि नळा घेऊन आले. नळा बसवल्यावर पहिल्याच संध्याकाळी जीप पिंपळाच्या वळणावर आली आणि स्वयंपाकघरातली जमीन थरथरली. फडताळातली तांब्याची भांडी एकमेकांना लागली. मामींना ऐकू काहीच आलं नाही, पण अनवाणी पायांना कळलं. त्यांनी तवा चुलीवर ठेवला, केस सारखे केले आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्या घरात कुणी दचकलेलं नाही. लोक मामांना आवाजाचा शौकीन म्हणतात, वेडा म्हणतात. मामा हसतात आणि काही सांगत बसत नाहीत.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका लग्नाला आम्ही बांद्याला गेलो आणि नाक्यावर हवालदारांनी जीप अडवली. तशी ती अडवावी लागत नाही. कोण येतंय हे बघायला हवालदार आधीच रस्त्याच्या मधोमध येऊन उभे होते.

"हे काय आहे?" नळ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं.

"धूम्राचा निर्गमनमार्ग," मामा म्हणाले. खाकी कपडे दिसले की त्यांचं मराठी आणखी शुद्ध होतं.

"पीयूसी आहे?"

होती, पण तिची मुदत कधीच संपली होती. हवालदार माणूस वाईट नव्हते. दंड न करता म्हणाले, "काका, दोनपैकी एक करा. एक तर पीयूसी काढा, नाहीतर हा नळा काढा. पुढच्या खेपेस मी सोडणार नाही."

परतताना मामा जीपशीसुद्धा बोलले नाहीत. नळा काढायचा म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

बातमी गावात पोचली आणि सल्ले सुरू झाले. शेजाऱ्याने ठासून सांगितलं की नारळाचं ओलं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं साल, नळ्यात खोल बसवा, धूर गाळून बाहेर येतो. मी म्हटलं, मामा, हा शुद्ध गाढवपणा आहे. पण नेमका तेव्हाच अंगणात माडाचा एक झाप उजव्या बाजूला पडला, आणि माझं मत तिथेच निकालात निघालं.

पीयूसीचं केंद्र कुडाळला, पेट्रोल पंपाच्या बाजूला, कौलारू शेडमध्ये. तिथे एक मुलगी बसते, अगदी व्यवस्थित, ओढणी पिनांनी पक्की केलेली. तिने जीपच्या मागे वाकून बघितलं आणि विचारलं, "काका, सायलेन्सर कुठाय?" मामांनी आकाशाकडे हात केला. तिने निमूट स्टूल आणलं, वर चढून मशीनची नळी नळ्यात घातली, खाली उतरली आणि म्हणाली, "ॲक्सिलेटर पूर्ण दाबा."

मामांनी दाबला. जीप आधी गुदमरल्यासारखी झाली, मग गप्प झाली, आणि मग असा काही बार उडाला की पंपावरचे लोक खाली बसले. सोडण नळ्यातून सुटलं, मशीनची नळी भिरकावून शेडच्या छपरावर आदळलं आणि वरचं एक कौल घसरत येऊन जीपच्या उजव्या अंगाला पडून फुटलं. धूर जरा निवळल्यावर पाहतो तर मामा डोळे मिटून हात जोडून बसलेले.

"देवान उजवो कौल दिल्यान," ते म्हणाले.

मुलीच्या कपाळावर काजळी होती, पण आवाज अजून कचेरीचाच होता. "काका, हा कौल देवाने दिलेला नाही. हे आमच्या छपराचं कौल आहे आणि ते तुम्ही पाडलंत. मशीनने दिलाय तो नापास." मग मामांचा चेहरा बघून ती थोडी मऊ झाली. "आवाजाचं मशीन माझ्याकडे नाही, काका. धुराचं आहे. धूर कमी करून आणा, मी पास करीन."

धूर काही कमी होईना. मेकॅनिक एकच म्हणत राहिला, नळा काढा. मामांनी जीप झापांनी झाकून ठेवली आणि चालत जाऊ-येऊ लागले. मी एकदा बाजारातून त्यांच्या मागोमाग येत होतो. घर आलं तरी ते आत जाईनात. खिडकीसमोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, भर उन्हात उभे राहून छत्री हलवत होते, मामींनी आतून लांबूनच आपल्याला बघावं म्हणून. मामी पाठमोऱ्या होत्या. कितीतरी वेळ मामा छत्री हलवत राहिले. मला ते बघवेना. मी बाजूच्या माडाशी जाऊन उभा राहिलो.

शेवटी एका सकाळी त्यांनी पाना हातात घेतला. नळा काढायचा, हवालदारांचं ऐकायचं, संपलं. जीपची क्षमा मागून झाली. "आपल्यावर अन्याय होत आहे, याची आम्हांस जाणीव आहे," वगैरे. नळा इंजिनाशी जोडलेला आहे तिथून सोडवायचा म्हणून बॉनेट उघडलं. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या, सहज आत वाकल्या, आणि कपबशी माझ्या हातात देऊन त्यांनी सरळ इंजिनात हात घातला. बाहेर काढलं ते एक काळंकुट्ट फडकं.

"हो बघा माझो फडको," त्या म्हणाल्या. "गणपतीपासून शोधतंय. शिरवाळ्यांचो रोस गाळूचो फडको माझो, हंय येवन बसलो?"

इंजिनाला हवा गाळून देणारी जाळी फाटली होती. तिच्या जागी मामांनी, कुणाला न सांगता, नारळाचा रस गाळायचं फडकं चौपदरी करून बांधलं होतं. मामा ओशाळून म्हणाले, "रोस गाळता, तर हवा कित्या गाळूचो नाय?" म्हणजे जीपला गणपतीपासून धड श्वासच मिळत नव्हता. धूर वरून येतो म्हणून सगळे नळ्याला शिव्या घालत होते आणि बिचाऱ्याचा काडीचा दोष नव्हता. मामींना यातलं काहीच कळलं नाही. त्या फडकं धुवायला विहिरीवर गेल्या.

नवी जाळी बसवून आम्ही पुन्हा कुडाळ गाठलं. मामींना मुद्दाम घरी ठेवलं होतं. मामांनी सोबत एक नवं कौल घेतलं होतं, ते आधी छपरावर बसवलं. मुलीने या खेपेस डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि मगच स्टुलावर पाय ठेवला. मामा म्हणाले, जरा थांब, आणि जीपसमोर उभे राहून त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या मशीनीसमोर तुझ्या लेकरान जीप उभी केलेली आसा."

मी एकटाच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"कोण म्हणतत नळो वायट, कोण म्हणतत म्हातारो वायट. जो काय दोष होतो तो फडक्यात होतो, आणि फडको घराक गेलो."

"व्हय म्हाराजा." आता पेट्रोलच्या रांगेतले स्कूटरवालेही म्हणू लागले.

"तर आता जो काय धूर येतलो तो निवळ कर, आणि घराक जी वाट बगता तिच्या पायाक कळांदे, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खा पंप म्हणाला.

मामांनी ॲक्सिलेटर दाबला. काय तो आवाज. शेडची कौलं वाजली, पंपावरचा कुत्रा रस्ता ओलांडून पळाला, आणि नळ्याच्या तोंडातून आला तो नुसता उन्हासारखा विरळ धूर. मुलगी पडद्याकडे बघत होती. पुन्हा दाबा म्हणाली. पुन्हा दाबला. मग तिने नंबरप्लेटचा फोटो काढला, कागद बाहेर आला, तिने तो वाचला आणि हेल्मेट काढलं. तोवर कचेरीचं मराठी सोडून एक शब्द न बोललेली ती पोर म्हणाली, "काका, मशीनीन उजवो कौल दिल्यान."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मामांच्या गळ्यात पंपावरच्या देवाच्या फोटोचा हार घातला. मामांनी दोन्ही हातांनी बॉनेट थोपटलं आणि म्हणाले, "अभिनंदन. आपण उत्तीर्ण झालात."

तिथून घरी जायचं सोडून आम्ही उलटे बांद्याला गेलो, हवालदारांना कागद दाखवायला. त्यांनी वाचला, नळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "धुराचं झालं. पण या आवाजाचं काय?" मामा म्हणाले, "आवाजाविषयी आपण काही सूचना केलेली नव्हती." हवालदारांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हाताने आम्हाला जायला सांगितलं. पिंपळाच्या वळणावर मामांनी जीप थांबवून एक लांबलचक आवाज सोडला. आम्ही खळ्यात शिरलो तेव्हा मामी अनवाणी पायरीवर उभ्या होत्या. आम्ही काही सांगायच्या आत त्यांनीच विचारलं, "पास झालो मां?" मामांनी मान हलवली. घावण्यांचं पीठ त्यांनी आधीच भिजवून ठेवलं होतं.

यंदा शिमग्याला मुलगा मुंबईहून मामींसाठी कानाचं मशीन घेऊन आला. मामी दिवसभर हरखल्या होत्या. कावळा ऐकला, स्वतःच्या बांगड्या ऐकल्या, कुकरची शिट्टी ऐकून हसल्या. संध्याकाळी जीप आली. मामी दोन्ही कानांवर हात ठेवून बाहेर धावल्या. "बाय माझे, हे असलो आवाज करीत येयत? आणि गाव गप रवता?" मामांचा चेहरा पडला. त्यांनी मुकाट पाना घेतला. "काढतंय," म्हणाले. "आता तुका ऐकाक येता. नळो कित्याक व्हयो?"

मामींनी पाना हातातून काढून घेतला. हल्ली मामा यायच्या वेळी त्या कानातलं मशीन काढून डबीत ठेवतात आणि पायरीवर अनवाणी बसतात. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "मशीनीत सगळ्यांचे आवाज येतत, जावयबापू. कावळ्याचो, कुकरचो, टीव्हीचो. पायातसून ह्यांचो एकट्यांचोच येता."

माझी गाडी नवी आहे, बॅटरीवर चालते. सोसायटीत शिरते ते वॉचमनलाही कळत नाही. त्या खेपेहून परतल्यावर मी घरात आलो तेव्हा बायको पाठमोरी होती. वळली आणि दचकली. "कधी आलास?" म्हणाली. "आत्ताच," मी म्हटलं. तसं ती रोजच विचारते आणि मी रोज तेच उत्तर देतो, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून खाली गाडी लावली की मी एकदा हॉर्न वाजवतो. वॉचमन चिडतो. खिडकीत अजून कुणी आलेलं नाही, पण मी वाजवतो.