चार बाय सहाची विचारधारा

अमरावतीत रशीदभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात मी बारा वर्षं डिझाइन करतोय. सगळे पक्ष इथंच येतात. त्यामुळे किस्से जमवावे लागत नाहीत, ऑर्डरसोबतच येतात!

भातकुलीच्या एका भाऊंना झेडपीचं तिकीट हवंय. त्यासाठी तीन वर्षांत तिसरा पक्ष. फोन आला, "जुनी फाइल आहे ना? रंग बदल, वरचे फोटो बदल."

"आणि मजकूर, भाऊ?"

"तो राहू दे. विचारांशी आपण तडजोड नाही करत!"

मग तिकिटाचं अडलं. भाऊंनी दोन पक्षांच्या प्रवेशाचे दोन फ्लेक्स एकदमच छापून घेतले. रशीदभाईंनी विचारलं, "कोणता लावाचा?"

"थांबा ना! विचारमंथन सुरू आहे."

एकदा अकोल्यात एकाच वेळी दोन विरोधी पक्षांची वैचारिक शिबिरं होती. ध्येयधोरणांच्या फ्लेक्सची पार्सलं माझ्याकडून उलटसुलट गेली. दोन दिवस एकही तक्रार आली नाही. तिसऱ्या दिवशी एका संयोजकाचा फोन आला. माफी मागायच्या तयारीतच मी तो उचलला.

"भाऊ, यावेळी ध्येयधोरणं लय दमदार लिवले! पुढच्या वेळी हेच ठेवा."

अचलपूरच्या बाबाराव काका आणि इस्माइल गुरुजींपुढे मात्र मी माउस सोडून उभा राहतो. चाळीस वर्षं दोघांचा एकच पक्ष. बाकीचे केव्हाच निघून गेले, तालुक्यात आता हे दोघंच उरलेत.

मागच्या महिन्यात तो पक्ष फुटला!

निवडणूक लढवायची, असं काकांचं म्हणणं. गुरुजी म्हणतात, लढवली की तत्त्व संपलं. दोघांनी एकमेकांची हकालपट्टी केली आणि तसं जाहीर करणारे फ्लेक्स छापायला एकाच एसटीनं, एकाच सीटवर बसून आले. गुरुजी चष्मा विसरले होते. त्यांच्या फ्लेक्सचं प्रूफ काकांनीच वाचलं, स्वतःच्या हकालपट्टीतल्या दोन चुकाही दुरुस्त केल्या.

काकांची सभा शनिवारी, गुरुजींची रविवारी. रशीदभाईंना राहवलं नाही. "काका, एवढं भांडण आहे तं सभा एकाच दिवशी ठेवा ना! टक्कर होऊन जाऊ द्या."

काकांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं आणि गुरुजींकडे बोट केलं.

"मंग याच्या सभेले कोण येईन?"